टायर बदलण्याआधी घासलेला टायर वाचा

भाऊ, नवे टायर टाकायची घाई करू नका, आधी जुने नीट बघा. फक्त आतली कड गेली असेल तर टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) किंवा कॅम्बर (चाकाचा उभा कल) बिघडलाय. मधलाच पट्टा घासलाय? हवा जास्त. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात हवा सकाळी, गाडी निघायच्या आधीच तपासा. तापलेल्या टायरचा आकडा फसवतो.

हात फिरवल्यावर टायर जागोजागी उंच-सखल लागला, तर पहिला संशय शॉकअपवर, म्हणजे धक्के जिरवणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर. दुकानदार लगेच अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) सुचवेल. थांबा. गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा. चाक वर-खाली धरून हलवा: खेळ (ढिलेपणा) असेल तर बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. डावी-उजवीकडून धरल्यावर खेळ लागला तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंग चाकाला जोडणारा सांधा. लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश चिरलेत का, टॉर्च मारून बघा. जुन्या गाडीत रबर हमखास दगा देतं. हे ढिलं ठेवून केलेली अलाइनमेंट टिकत नाही, आणि खड्डा शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही!

शॉकअप बदलायचे तर एका एक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही बदला. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिमीवर आली असेल तर मात्र टायर काढाच, पण दुरुस्तीनंतर.