काटा रोज बघावा की महिन्यातून एकदा?

प्रश्न : माझं वय ४७. गेल्या वर्षभरात वजन ७२ किलोवरून ६४ वर आणलं. आता ते टिकावं म्हणून डिजिटल काटा घेतला आणि सकाळ-संध्याकाळ वजन करते. परवा संकष्टीला चंद्रोदयाआधी ६३.८ भरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६५! इतकं वाईट वाटलं की तिसऱ्या दिवशी नाश्ताच केला नाही. नणंद म्हणते, काटा माळ्यावर टाक, महिन्यातून एकदा बघ. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी हिशेब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० उष्मांक. त्या हिशेबाने तुमची सव्वा किलो 'वाढ' खरी असायला रोजच्या जेवणावर पन्नासेक उकडीचे मोदक खावे लागले असते. तुम्ही किती खाल्लेत ते लिहिलं नाहीत, पण पन्नास नक्कीच नाहीत! उपासाला जे उतरलं ते बहुतेक पाणी आणि रिकामं पोट. शरीर साखरेचा जो साठा करतं, त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. उपास सोडताना वरणभात, मोदक, वर पापड-लोणच्याचं मीठ, की पाणी परत आलं. पाळीच्या आधीही असंच होतं. त्यासाठी नाश्ता बुडवायचं काही कारण नव्हतं.

नणंदेचा सल्ला मात्र मला तुमच्यासाठी पटत नाही. वजन उतरवलेल्या माणसाला महिना फार मोठा असतो, तोवर दोन किलो गुपचूप चढलेले असतात. अमेरिकेत रीना विंग यांनी शरीराच्या निदान दहा टक्के वजन उतरवलेल्या लोकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वजन टिकवण्याचं प्रशिक्षण मिळालेल्यांपैकी जे रोज काट्यावर उभे राहत, त्यांचं वजन परत चढण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. पण ते नुसतं आकडा बघून थांबत नसत. वाढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की खाण्याकडे आणि चालण्याकडे लगेच लक्ष देत.

तेव्हा संध्याकाळचं वजन बंद. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकदाच. काटा सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर नको, फरशीवर ठेवा. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता तिथेच आकडा लिहा आणि रविवारी आठवड्याची सरासरी काढा. तुलना फक्त सरासरीशी. ती ६४ वरून ६५ च्या पुढे सरकली, की रात्रीचा भात, चहातली साखर, चुकलेलं चालणं तपासायचं. त्याच्या आत असेल तर आकड्याकडे बघून पुढच्या कामाला लागा. महिन्यातून एकदा कंबरही मोजा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं मानतात.

आकड्यापायी जेवण टाळणं वारंवार होऊ लागलं तर मात्र नणंदेचं ऐका, आणि कुणाशी तरी बोला. आणखी एक, हे सगळ्याच वाचकांसाठी : दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ, सोबत पायांवर सूज किंवा धाप असेल, तर तिथे सरासरी काढत बसायचं नाही. ते हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं; त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.