कृष्णेत पोहणाऱ्याने समुद्रावर सर्फिंगचा बोर्ड घेऊन जाण्याआधी

भावा, सांगलीच्या आयर्विन पुलावरून पुरात उड्या मारतोस म्हणून समुद्रही झेपेल, असं धरून चालू नकोस. खडकाळ किनाऱ्यावर लाट ढकलते, मागे खेचते आणि वर खडकावर आपटते. पावसाळ्यात कोकणात बोर्ड घेऊन उतरायचंच नाही, विषय संपला. सुरुवात ऑक्टोबरनंतर, वाळूच्या तळावर, फोमच्या बोर्डावर.

खडकाळ जागी जाशील तेव्हा आधी अर्धा तास नुसता बघत बस. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मध्ये शांतता असते. नवखे त्या शांततेलाच फसतात. लाटांच्या अंदाजात नुसती उंची बघू नकोस, दोन लाटांमधला वेळही बघ. दीड मीटरची लाट 7 सेकंदांची असेल तर खेळवते, 14 ची असेल तर तीच अंगावर येते. पडलास तर पाय रोवू नकोस, आडवा पड, वर येताना हात डोक्यावर. बोर्ड तिथंच कुठंतरी असतो. आत समुद्राकडे खेचणाऱ्या ओढीत सापडलास तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहायचं.

एकटा तर जाऊच नकोस. आडबाजूला रेंज नसते, दवाखाना लांब. आणि बोर्ड पायाला बांधायची दोरी, म्हणजे लीश, घरूनच ताणून तपासून ने.