चेरी श्रिंपच्या डोक्यावरचे पांढरे धागे : औषधाआधी थर्मामीटर बघा

तुम्ही लिहिलंय की सांगलीत विश्रामबागच्या घरातल्या टाकीत चेरी श्रिंपच्या, म्हणजे टाकीत पाळायच्या गोड्या पाण्यातल्या छोट्या कोळंबीच्या, टोकदार नाकाडावर पांढरे धागे वळवळताना दिसतात, मे लागल्यापासून रोज एखादी मरतेय, आणि दुकानदाराने माशांचं औषध दिलंय. वर्णनावरून ही स्क्युटॅरिएला वाटते. बुरशी वळवळत नाही.

हा चपट्या कृमींच्या कुळातला जीव. डोक्यावर दिसतो तो फारसा त्रास देत नाही. पण अंडी कल्ल्यांच्या कप्प्यात घालतो, आणि कल्ले नुसते श्वासाचे नाहीत. अंगातल्या क्षारांचा तोलही तिथूनच राखला जातो.

आता त्यात सांगलीचा मे. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना 7.5. कोळंबीची गरज मात्र उकाड्यात वाढते. असा ताण आला की तिच्या डोळ्याच्या देठातून एक संप्रेरक सुटतं, अंगात साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजन मोडतं आणि रक्तातली साखर चढते. तातडीचा खर्च भागतो, पण हे रोज चाललं तर कात टाकण्याच्या कष्टाला शिल्लक काय राहणार? समुद्री खेकड्यांत हेमॅटोडिनियम नावाचा परजीवी तर थेट रक्तातच वाढतो. ग्लायकोजन फस्त करतो, ऑक्सिजन वाहणारं हिमोसायनिन घटतं आणि खेकडा मलूल पडतो. त्याच्यापुढे स्क्युटॅरिएला म्हणजे गरीब गाय. एकट्या तिने टाकी रिकामी केलेली मी पाहिली नाही, उकाड्याची साथ मिळाली की मात्र मरतुक सुरू होते.

म्हणून आधी एअर पंप जोरात, टाकीवर पंखा, दुपारचं ऊन बंद. नळाचं पाणी एकदम अर्धं बदलू नका, थोडं थोडं बदला.

मग मिठाची आंघोळ : कपभर टाकीच्या पाण्यात एक मोठा चमचा आयोडीन नसलेलं मीठ पूर्ण विरघळवून, 30 ते 60 सेकंद, आणि लगेच परत टाकीत. अंडी मिठाला दाद देत नाहीत, तेव्हा काही दिवसांनी पुन्हा करावं लागतं.

ते औषध वापरण्याआधी लेबल वाचा. कॉपर सल्फेट (मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार) असेल तर थेंबही नको. कोळंबीच्या हिमोसायनिनमध्ये तांबं असतंच, पण पाण्यातून आलेलं जास्तीचं तांबं तिला विषच.

टाकलेली कात दिसली की त्याच दिवशी काढा, कल्ल्यांजवळची अंडी तिच्यासोबतच येतात. एरवी कोळंबीला कात खाऊ द्यावी असं मीच सांगतो, सध्या नको.