प्रार्थना की हजेरी

लाडक्या मनू,

रविवारी गाडीत तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. 'तुम्ही तिथे प्रार्थना करता की हजेरी घेता?' असं म्हणालीस, आणि मग खिडकीकडे तोंड फिरवून, 'ती माणसं नसती तर तू गेली असतीस का, मम्मी?' बाहेर बर्फ पडत होतं, बाबा गाडी सांभाळत होते. मी म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी आले आणि कुकर लावला. अवघड प्रश्न आला की तुझी आई कुकर लावते, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल.

पत्र मराठीत लिहितेय. तू अडखळत वाचशील, पण वाचशील. इंग्रजीत लिहिलं असतं तर मी जरा जास्त शहाणी वाटले असते आणि निम्मं लपवलं असतं.

आधी तुझा राग कशाचा होता ते कबूल करते. महिन्यातून एकदा आपण पन्नास मिनिटं गाडी हाकत त्या उसन्या हॉलमध्ये मराठी उपासनेला जातो. सकाळी ज्या चर्चचा हॉल आहे त्यांची स्वतःची उपासना असते, म्हणून आपली दुपारी तीनला, त्यांच्या कॉफीच्या वासात. शेवटी विनंत्या होतात. कुणाच्या आईचे गुडघे, कुणाचा व्हिसा, कुणाची नोकरी सुटली, मिरजेत कुणाचं बायपास. तू याला हजेरी म्हणतेस, आणि खरंच, ती सगळी यादी डोळे मिटून ऐकली की शाळेतल्या हजेरीसारखीच वाटते. त्यातच परवा तुझं नाव आलं. 'प्रभू, या लेकराचं मन तुझ्याकडे वळव.' तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस. मी घट्ट मिटून घेतले.

तुझं नाव मीच दिलं होतं. चहाच्या वेळी, काळजीनं, 'हल्ली ती यायला नको म्हणते' एवढंच बोलले होते. ते चारचौघांत असं येईल हे मला कळायला हवं होतं. कारण मी याच यादीत वाढलेय.

नगरला आमच्या कंपाऊंडात दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असायची. (आता अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडी मात्र नगरच येतं.) घरातली कॉट भिंतीला उभी करायची, सतरंजी अंथरायची, आणि बाया पदर डोक्यावर घेऊन एका बाजूला, पुरुष दाराकडे. नगरची आजी, म्हणजे पपांची आई, गीतांचं पुस्तक एका जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून न्यायची. पुस्तक तिला वाचता यायचं नाही, गाणी पाठ होती, पण पुस्तक मांडीवर लागायचंच. विनंत्या सुरू झाल्या की आम्ही मुलं एकमेकांना चिमटे काढायचो. मोठी माणसं देवाला डॉक्टरचा रिपोर्ट वाचून दाखवायची. 'प्रभू, साखर तीनशे दहा आली आहे, उपाशीपोटी.' जणू उपाशीपोटी की जेवल्यावर हे सांगितलं नसतं तर त्याचा घोटाळा झाला असता.

तू एकदा विचारलं होतंस की आपल्या उपासनेत पेटी-तबला का, सकाळच्या चर्चमध्ये तर नसतो. तुझ्या आजोबांना, म्हणजे माझ्या पपांना, हा प्रश्न विचारला असतास तर तुझी दुपार गेली असती. मास्तर माणूस, सगळं सालासकट सांगायचे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मग ओव्या-अभंगांत येशूला गायलं, ते आपल्या नगरात. ज्ञानोदय हे मिशनचं नियतकालिक 1842 मध्ये नगरातच निघालं. आणि त्याच्याही आधी, 1616 मध्ये, स्टीफन्स नावाच्या एका इंग्रज पाद्र्यानं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली, हजारो ओव्या! हे शेवटचं सांगताना पपा चष्मा काढायचे. शाळेत मला एका मुलीनं विचारलं होतं, 'तुम्ही घरी इंग्रजी बोलता ना?' मी रडत घरी आले तेव्हा त्यांनी मला ही सालं पाठ करायला लावली. दुसऱ्या दिवशी मी ती तिला म्हणून दाखवली. तिला काही फरक पडला नाही.

पण मला तुला भोपळ्याची गोष्ट सांगायची आहे. तू ती अर्धी ऐकली आहेस.

वर्षातून एकदा उपकारस्तुतीचा सण. आम्ही हंगाम म्हणायचो. लोक आपापल्या शेतातलं, परसातलं आणून वेदीपुढे ठेवायचे: ज्वारीची पायली, ऊस, अंडी, मेथीच्या जुड्या, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की बाहेर लिंबाच्या झाडाखाली त्याचा लिलाव, पैसे मंडळीला, म्हणजे चर्चला. 1984 साली, मी नऊ वर्षांची, एका विधवा बाईंनी एक भोपळा आणला होता. एका बाजूला चपटा, देठाशी किडलेला. बाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. भोपळा वर धरला आणि कुणी बोलीच लावेना. हातात धरणाऱ्या तरुण मुलालाच लाज वाटायला लागली.

पपा म्हणाले, 'दोन रुपये.'

पलीकडून खजिनदार म्हणाले, 'पाच.'

आता हे तुला माहीत नाही. पपा आणि खजिनदार त्या वेळी दोन वर्षं बोलत नव्हते. मंडळीच्या हिशेबावरून बैठकीत वाजलं होतं, आणि तेव्हापासून चर्चच्या दारात समोरासमोर आले तरी एकमेकांना सलाम करायचे नाहीत, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून पुढं जायचे. तर पपा म्हणाले सात, ते म्हणाले दहा. पंधरा. वीस. लोक आधी हसले, मग गप्प झाले. पस्तीस रुपयांना पपांनी घेतला. त्यांच्या पगारातून पस्तीस रुपये! माझी मम्मी आठवडाभर धड बोलली नाही, फक्त भोपळा वाढत राहिली. भाजी, भरीत, थालीपीठ, आणि शेवटी घारगे, तेव्हा तिचा राग थोडा उतरला असावा, कारण गुळाला हात सैल सोडला होता.

पपांनी ते त्या बाईंसाठी केलं की खजिनदारांना हरवायला? मी कित्येक वर्षं पहिलं मानत होते. आता दुसरंही मानते. खजिनदारांचंही तेच असणार. पण त्या बाई भिंत सोडून पुढे आल्या होत्या, हे मी पाहिलं. त्यांनी पदर नीट केला आणि भोपळा स्वतः उचलून पपांच्या हातात दिला.

पुढे 1988 मध्ये पपांच्या पायाची जखम चिघळली. पाय ठेवायचा की काढायचा अशी वेळ आली. बुधवारची प्रार्थना आमच्या घरी होती, पपा आतल्या खोलीत कॉटवर. खजिनदार आले. चपलांच्या ढिगाजवळ, अगदी उंबऱ्याशी बसले. त्यांची पाळी आली आणि त्यांनी पपांचं पूर्ण नाव घेतलं, मग कुठला पाय, कितवं बोट, कोणतं इंजेक्शन सुरू आहे, सगळं बिनचूक. कुणाकडून विचारून घेतलं होतं कोण जाणे. आत पपा ऐकत होते. पाय वाचला, एक बोट गेलं, पपा पुढं बारा वर्षं जगले. हिशेबाचं भांडण काही मिटलं नाही. पण त्या बुधवारनंतर दोघं सलाम करायचे, आणि सलाम करून भांडायचे.

मी विश्वास शिकले तो असा, मनू. कुणी मला बसवून शिकवला नाही. म्हणून 'देवासाठी की माणसांसाठी' असं तू विचारतेस तेव्हा मला दोन खोल्यांपैकी एक निवडायला सांगितल्यासारखं होतं, आणि माझ्या मनात तर ते घर एकाच खोलीचं आहे.

आता इथे थांबले असते तर पत्र छान झालं असतं. पण माझ्या धाकट्या आत्याचं राहिलं.

आत्या मिरजेला नर्सिंग शिकली. तिथेच तिला काका भेटले. 1986 च्या उन्हाळ्यात ती घरी आली तेव्हा कंपाऊंडात सगळ्यांना माहीत होतं की मुलगा आपल्यातला नाही. बुधवारी एका पंचांनी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. 'या लेकीचं पाऊल घसरू देऊ नको, वाट चुकलेलं मेंढरू परत आण.' आत्या तिथेच बसली होती, माझ्यापासून दोन हातांवर. मी अकरा वर्षांची, डोळे उघडे ठेवायची मला सवय होती. तिचेही उघडे होते. आम्ही एकमेकींना पाहिलं. मग ती उठली, मोरीत गेली आणि भांडी घासायला लागली, इतक्या जोरात की आमेन ऐकू आलं नाही. पातेली स्वच्छच होती.

त्यानंतर ती बुधवारी कधी बसली नाही.

म्हणजे जी यादी खजिनदारांच्या तोंडून आली तेव्हा पपांना आत खोलीत आधार वाटला, तीच यादी आत्याला बोचली. माणसं तीच, सतरंजी तीच. चांगला हेतू तर पंचांचाही असणार. तो हेतू आज मी तुला पटवून देणार नाही, मलाच पुरता पटलेला नाही.

सोमवारी रात्री मी आत्याला पुण्याला फोन केला. तुझी गोष्ट सांगितली. ती खूप वेळ हसली, मग म्हणाली, 'माझं नाव कुणी दिलं होतं माहितेय? आईनं.' आपल्या नगरच्या आजीनं! मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. मी त्या पंचांवर अडतीस-चाळीस वर्षं मनात राग धरून होते. 'काळजीनं दिलं गं,' आत्या म्हणाली, 'दुसरं कुणापाशी बोलणार ती?' आणि मग शांतपणे, 'तू मनूला विचारलं होतंस का, नाव देण्याआधी?'

मी म्हटलं, कुकरची शिट्टी होतेय.

आत्या म्हणाली की तिला गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय आवडतो, कारण त्यात दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा असं आहे आणि पाचव्यात, ज्यानं त्यानं आपला भार वाहायचा. चार वचनांत दोन्ही. पाळकसाहेब नेहमी पहिल्यावरच उपदेश करतात, अशी तिची तक्रार आहे. ती आता रविवारी जाते. मागच्या बाकावर बसते, आशीर्वाद झाला की कुणी गाठायच्या आत निघते. काका बाहेर स्कूटरवर पेपर वाचत थांबतात. एवढं सगळं होऊनही का जातेस, असं मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तीही पातेली घासायला गेली असती.

सकाळचं चर्च तुला जवळचं वाटतं ते मला कळतं. तिथे तुझ्या मैत्रिणी आहेत, आणि तिथे आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते तेव्हा नाव नसतं, किंवा आधी विचारून घेतात. पहिली दोन वर्षं मला ते फार कोरडं वाटायचं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला वाटलं, इथे कुणाला पत्ताच नाही. मग मागच्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्या बाईंचं कार्ड आलं, थरथरत्या अक्षरात, 'रोज तुझी आठवण करते.' रोज. आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. तेव्हा हीही एक रीत आहे, आणि आत्याला ती आवडली असती.

तरी मला ती हजेरी लागते. कबूल करते. तीन वाजता त्या हॉलमध्ये कुणीतरी मराठीत माझ्या आईच्या गुडघ्यांचं नाव घेतं तेव्हा मला वाटतं की गुडघे खरंच कुणीतरी धरलेत. माणसं नसती तर मी गेले असते का? एकटीनं पन्नास मिनिटं गाडी हाकून, रिकाम्या हॉलमध्ये? नसते गेले बहुधा. घरीच, भांडी घासताना, काहीतरी पुटपुटले असते. तेही मी करते, तू ऐकलं आहेस, 'कुणाशी बोलतेस' असं विचारलंही आहेस.

तुझं नाव मी मागे घेतलं आहे. फोन करून सांगितलं की तिच्यासाठी म्हणायचं असेल तर मनातल्या मनात म्हणा. पलीकडे जरा शांतता झाली, मग 'बरं वहिनी' म्हणाले. पुन्हा द्यायचं झालं तर आधी तुला विचारेन. मी स्वतः तुझं नाव घेते ते मात्र मला थांबवता येणार नाही, त्यात साखर-बिखर काही नसतं.

पुढची उपासना चौथ्या रविवारी आहे. मी दोनला नाही, दीडलाच निघेन, रस्ते वाईट आहेत. शनिवारी घारगे करणार आहे, इथला भोपळा पाणचट आहे पण चालेल. अर्धे तिकडे नेईन, अर्धे फ्रिजवरच्या निळ्या डब्यात असतील. तू आलीस काय, घरी राहिलीस काय, डब्यातले तुझेच. बाबांना दोनच दे, त्यांची साखर वाढलीय.

तुझी,
मम्मी