इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, एकदाच पॅनिक अटॅक (अचानक उसळलेली तीव्र घबराट) आला, तर नवऱ्याला 'तिथे नेहमीच होतं' असं का वाटतं?

वहिनी, ते खोटं बोलत नाहीत. पॅनिक डिसऑर्डरमध्ये, म्हणजे असे अटॅक वारंवार येण्याच्या आजारात, भीतीशी जोडलेलं जास्त पक्कं लक्षात राहतं. १९८९ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मॅकनॅली, एडना फोआ वगैरेंनी अशा रुग्णांना शब्द दाखवून नंतर आठवायला लावले, तेव्हा घबराटीशी संबंधित शब्द त्यांना अधिक आठवले. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत निकाल इतका स्वच्छ आला नाही, हेही खरं.

आपल्या इंदूरकडे बघा. भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू खाऊन मजेत घरी आलेल्या रात्री हिशेबातच येत नाहीत. गर्दी, तव्याचा धूर, छातीत धडधड ही एक रात्र मात्र ठसठशीत. 'तासभर चाललं होतं' असंही म्हणत असतील! अटॅकचा जोर बहुधा काही मिनिटांतच शिगेला पोहोचतो, पण मागाहून आठवताना तो मोठा होतो.

आठवणीवरून वाद घालू नका; 'अहो, काही झालं नव्हतं' म्हणालात की भांडण ठरलेलं. वही ठेवा. सुरू किती वाजता, भीती दहापैकी किती, ओसरली कधी, सगळं त्याच दिवशी टिपायचं. काहीच न होता परतलेल्या फेऱ्याही लिहा, नेमकं तेच राहून जातं. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत) करणाऱ्या तज्ज्ञाला ही वही फार उपयोगी पडते. ईसीजी झाला नसेल तर तो आधी. लगेच बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे, १४४१६, मोफत.