वीजपुरवठादार बदलता येईल का?

प्रश्न : माझी मुलगी लंडनमध्ये राहते. तिने वीजपुरवठादार बदलून वर्षभरासाठी ठरावीक दराचा करार केला. आम्हाला नाशिकमध्ये असे करता येईल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सध्या नाही. नाशिकमध्ये घरगुती वीज महावितरणच पुरवते. मुंबईच्या काही भागांत मात्र एकाहून अधिक परवानाधारक कंपन्या असल्याने तेथील ग्राहकाला निवड करता येते. आपले दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, तरीही बिल कमीजास्त होते, कारण युनिटचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो आणि त्यात इंधन समायोजन आकाराचीही (वीजनिर्मितीच्या इंधनखर्चातील बदलापोटी घेतल्या जाणाऱ्या रकमेची) भर पडू शकते. १०० च्या पुढे गेल्यास सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, हा समज चुकीचा आहे. तो केवळ १०१ व्या युनिटापासून लागतो. उन्हाळ्याचे बिल पाहून धास्ती घेण्याआधी त्यावरील मागील महिन्यांचा वापर अवश्य तपासावा.

खर्चात स्थैर्य हवे असेल, तर छतावरील सौरऊर्जेचा विचार करावा, असे मी आग्रहाने सुचवेन. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या घरगुती संचाला केंद्राचे ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. सदनिकेत राहत असल्यास गच्चीच्या वापराबाबत सोसायटीची लेखी संमती आधी घ्यावी.

मुलीलाही एक गोष्ट जरूर सांगा : तिच्या करारात दर ठरलेला असतो, एकूण बिल नव्हे, आणि मुदतीआधी करार सोडल्यास शुल्क पडू शकते.