नवी गाडी, वॉरंटी आणि जॉब कार्ड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, सातारा जिल्ह्यातून लिहितोय. दसऱ्याला नवीन 160 सीसीची गाडी घेतली, आता 4 हजार किलोमीटर झालेत. सकाळी चालू केली की इंजिनातून कटकट आवाज येतो, गरम झाली की कमी होतो, आणि हेडजवळून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाजवळून, ऑइल पाझरतंय. सर्व्हिस सेंटरला तीनदा नेली, ते पुसून देतात आणि म्हणतात या मॉडेलला असंच असतं. आता नवीनच सांगतायत की दुसरी सर्व्हिसिंग उशिरा केली म्हणून वॉरंटीत बसत नाही. गाडी बदलून मिळेल का?

उत्तर : दादा, ऑइल पाझरणं कुठल्याच नव्या गाडीला "असंच" नसतं. गॅस्केट (जोडातून ऑइल गळू नये म्हणून बसवलेलं सील) नीट बसलं नसेल, बोल्ट सारखे आवळले नसतील, काहीही असो, 4 हजारात हेडजवळ ओलं दिसतंय म्हणजे ते वॉरंटीचंच काम आहे आणि ते फुकट व्हायला पाहिजे. आवाजाचं जरा बघावं लागेल. एअरकूल इंजिनला टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, थोडा आवाज असतोच, पण थंड इंजिनला वाजून गरम झाल्यावर कमी होत असेल तर टॅपेट सेटिंगबरोबर इंजिनातल्या टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे ती चेन ताणून धरणारा भाग, तोही तपासायला सांगा. गाडी संध्याकाळी सेंटरवर ठेवून या आणि सकाळी पहिली किक किंवा सेल्फ तुमच्यासमोरच मारायला लावा, कारण तुम्ही 20 किलोमीटर चालवत नेता तोवर इंजिन तापतं आणि मेकॅनिकला आवाज ऐकूच येत नाही. शेजारी त्याच मॉडेलची दुसरी गाडी उभी असेल तर तीही थंड असताना चालू करून दोन्हींचा व्हिडिओ काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी सेंटरला टाकताना तक्रार लिहून सही घेतात तो कागद म्हणजे जॉब कार्ड; तुमच्या तिन्ही जॉब कार्डांवर काय लिहिलंय ते आज काढून बघा. बहुतेक ठिकाणी काउंटरवरचा मुलगा "जनरल चेकअप" किंवा "वॉश अँड चेक" लिहून मोकळा होतो, आपण घाईत सही करतो, आणि उद्या भांडायची वेळ आली की कागदावर तक्रारच नसते, म्हणजे तुम्ही तीनदा गेलात ते गेल्यासारखं धरलंच जात नाही. म्हणून यापुढे सही करायच्या आधी "हेडजवळ ऑइल लीक, थंड इंजिनला आवाज" असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या, किलोमीटरचं रीडिंग टाकायला लावा आणि तिथेच मोबाइलवर फोटो काढा. नाही लिहिलं तर सही करू नका, एवढं मी ठामपणे सांगतो.

उशिरा सर्व्हिसिंगचं म्हणाल तर वॉरंटीच्या पुस्तकात किलोमीटर आणि दिवस दोन्ही दिलेले असतात, "जे आधी होईल ते" अशी अट असते, आणि उशीर खरंच झाला असेल तर कंपनी तो मुद्दा काढणार. पण काही दिवस उशिरा ऑइल बदलल्याने गॅस्केट कसं गळायला लागलं, हे त्यांना लेखी विचारा. तोंडी नकार कधीच घेऊ नका. कंपनीच्या कस्टमर केअरला फोटोसकट मेल करा आणि एरिया सर्व्हिस मॅनेजर सेंटरला कधी येणार ती तारीख मागा, कारण वॉरंटीचं मोठं काम शेवटी त्याच्याच होकारावर अडतं.

तिथेही नाही ऐकलं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही दाखल होते. कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत करावी लागते एवढं लक्षात ठेवा. तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पार्टी करा. गाडी बदलून मिळण्याबद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. मारुतीच्या एका कारच्या केसमध्ये 2006 साली सुप्रीम कोर्टाने गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला, कारण वॉरंटीत खराब पार्ट बदलून द्यायचं बंधन होतं, अख्खी गाडी नाही. त्यामुळे पार्ट, दुरुस्ती आणि झालेल्या त्रासाची भरपाई हेच मागा, ते मिळण्यासारखं आहे.

प्रश्न : मुलाने नव्या बाइकला बाहेरून फॉग लाइट बसवले. आता बॅटरी चार्ज होत नाही आणि शोरूमवाले म्हणतात तुमची सगळी वॉरंटी संपली. खरं आहे का? (नाशिकच्या एक आई)

उत्तर : ताई, सगळी संपली हे मला पटत नाही. वायर कापून जोड दिला असेल तर वायरिंग, रेग्युलेटर, कॉइल यांच्यावर ते नकार देणार आणि तो नकार खोडणं अवघड आहे. पण इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचा फॉग लाइटशी काय संबंध? वॉरंटीचं नेमकं कुठलं कलम लागू करताय ते लिहून मागा. बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा बॅटरी कंपनीची वेगळी असते, टायरचंही तसंच, ती कार्डं गाडीच्या कागदांत शोधा. आणि शोरूममध्येच अॅक्सेसरी बसवली असेल तर त्याचं बिल जपून ठेवा, मग बोट तुमच्याकडे दाखवता येत नाही.

प्रश्न : पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. जी कंपनी जास्त वर्षं वॉरंटी देते तीच गाडी टिकाऊ समजायची का? एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ का?

उत्तर : नाही हो, वर्षांवरून टिकाऊपणा ठरत नाही. तुम्ही रोज 100 किलोमीटर चालवत असाल तर वर्षाला 36 हजार होतात, म्हणजे 5 वर्षांची वॉरंटी असली आणि सोबत 70 हजार किलोमीटरची मर्यादा असली तर तुमच्यासाठी ती 2 वर्षांतच संपते. एक्स्टेंडेड, म्हणजे जादा पैसे भरून वाढवलेली वॉरंटी, घेण्याआधीही किलोमीटरच बघा, वर्षं नको. शिवाय धंद्यासाठी वापरलेली गाडी काही ठिकाणी वॉरंटीतून वगळतात, ते कलम विकत घ्यायच्या आधी वाचा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, केबल हे झिजणारे पार्ट साध्या आणि एक्स्टेंडेड दोन्ही वॉरंटीत बहुतेक नसतातच, आणि तुमचा खरा खर्च तिथेच होणार आहे.

टिकाऊपणा बघायचा तर नवीन आलेलं मॉडेल पहिल्या काही महिन्यांत घेऊ नका. चांगल्या नावाच्या कंपनीतही एखादा लॉट बिघडतो. मे 2021 मध्ये रॉयल एनफील्डने इग्निशन कॉइलमधल्या (स्पार्कसाठी वीज देणारा भाग) दोषामुळे बुलेट, क्लासिक आणि मीटिऑर मिळून 2,36,966 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. कंपनीने स्वतःहून बोलावलं हे चांगलंच, पण तुमची गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई जाते. म्हणून शनिवारी सकाळी ज्या सेंटरला गाडी टाकणार तिथे जा, रांगेतल्या लोकांना विचारा की पार्ट यायला किती दिवस लागतात. आठवडा-पंधरा दिवस असं उत्तर आलं तर ती गाडी कितीही आवडली तरी तुमच्या कामाची नाही.